कार्ड ठरेपर्यंत

नसीमानं सर्व्हरची कळ दाबून धरली. पंख्यांची घरघर उतरत गेली, मघापासून कानात घुसणारी शिट्टी मध्येच तुटली आणि खोली एकदम गप्प झाली. बाहेर पटांगणात पोरं लंगडी खेळत होती. त्यांचा गलका तेवढा खिडकीतून आत येत राहिला.

"आता याला हात लावायचा नाही, गुरुजी," ती म्हणाली. "तुम्हीपण नाही. मला तुमची सवय माहीत आहे. माझी पाठ वळली की लावाल सुरू."

"मी कशाला लावतो?"

"मग बुधवारी कुणी लावलं होतं? भुतानं?"

नसीमा शेख चौथीत माझ्या वर्गात होती तेव्हाही अशीच होती. चूक दिसली की बोट ठेवायची, मग ती माझी का असेना. आता मेहकरच्या बसस्टँडजवळ तिचे संगणकाचे क्लास होते, दोन लेकरं होती, आणि या खोलीतलं यंत्र तिच्याच जिवावर चालत होतं.

त्या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. पण ती शांतता मला अजून आठवते, कारण त्या खोलीत शांतता अशी कधी नसायचीच.

चौथीचा वर्ग मी निवृत्त होईपर्यंत घेतला. वर्ष संपत आलं की एकेका मुलाला टेपरेकॉर्डरसमोर बसवायचो आणि म्हणायचो, तुला आवडते ती गोष्ट सांग. सुरुवातीला उच्चार तपासायला म्हणून केलं. पुढे त्याचा नादच लागला. निवृत्तीनंतर नसीमानं त्या सगळ्या कॅसेटी संगणकात उतरवून घेतल्या. एका पतसंस्थेनं कारभार गुंडाळताना आपला जुना सर्व्हर आम्हाला देऊन टाकला, शाळेनं कोपऱ्यातली एक खोली दिली. कॅसेटींना पुढे बुरशी लागली, त्या टाकून द्याव्या लागल्या. उरलं ते सगळं त्या लोखंडी पेटीत. मोठी झालेली मुलं यायची, सोबत बायकोला किंवा नवऱ्याला आणायची, आपलाच चिरका आवाज ऐकून हसायची. कुणी नसलं की मी एकटाच लावून बसायचो. घरी तरी काय होतं?

"झालंय काय नेमकं?" मी विचारलं.

"एक डिस्क गेली. दुसरी मिणमिणतेय. आणि या कार्डाची बॅटरी बघा, पुरीसारखी फुगलीय." तिनं पेटीचं झाकण काढून दाखवलं. सगळ्या डिस्कांवर नजर ठेवणारं एक कार्ड आत असतं, रेड कंट्रोलर म्हणतात त्याला. हिरवी पट्टी, तिच्यावर एक फुगलेला चौकोन. "नवी डिस्क घालावी तर आजकालच्या डिस्का मोठ्या. हे जुनं कार्ड त्यांना ओळखतच नाही. आधी कार्ड बदलायला हवं."

"आधी सगळं दुसरीकडे उतरवून घे ना."

"तेच करत होते. निम्म्यात अडकतंय, आणि त्या मिणमिणत्या डिस्कला जास्त ताण दिला तर तीही जाईल. कोणतं कार्ड घ्यायचं ते मला नाही ठरवता यायचं, गुरुजी. चुकीचं बसवलं तर सगळं पुसलं जाईल. प्रफुल्लदादाला विचारा. त्याचं रोजचं काम आहे हे."

प्रफुल्ल माझा मुलगा. नोएडाला असायचा, मोठमोठ्या कंपन्यांची असलीच यंत्रं सांभाळायचा. लग्न झालं होतं, टिकलं नाही. त्यावर आम्ही दोघं कधी बोललो नाही. दर रविवारी त्याचा फोन यायचा.

"जेवलात, बाबा?"

"जेवलो. तू?"

"जेवलो."

"थंडी आहे का तिकडे?"

"आहे थोडी. ठेवू?"

"ठेव."

आमच्यात भांडण नव्हतं. बोलायला काही नव्हतं, एवढंच. त्यामुळे नसीमानं माझ्याच फोनवरून त्याला सगळं सांगितलं तेव्हा मी जरा दूर उभा राहिलो, दुसऱ्याच्या घरच्या बोलण्यात आपण कशाला, तसा. तिनं फोन माझ्या हातात दिला.

"बाबा, घाई करून काही घेऊ नका," तो म्हणाला. "मी बघतो कोणतं बसेल ते. उद्या फोन करतो."

उद्या म्हणजे रविवार नव्हता. पण सकाळी अकराच्या सुमाराला फोन आला.

"पाटी-पेन्सिल घेऊन बसा," तो म्हणाला. मला हसू आलं. किती दिवसांनी तो माझ्याशी असं बोलत होता. "तुम्ही फळ्यावर गणित लिहिता आणि मुलं ते वहीत उतरवून घेतात. बरोबर? फळा म्हणजे कार्डाची स्मरणशक्ती. वही म्हणजे डिस्क. मुलांचं उतरवून व्हायच्या आत वीज गेली आणि कुणी फळा पुसला, तर?"

"तर ते गणित गेलं."

"म्हणून बॅटरी. वीज गेली तरी ती फळा पुसू देत नाही. तुमची बॅटरी फुगलीय, म्हणजे फळा कधीही पुसला जाईल, आणि मेहकरची वीज म्हणजे काय विचारायलाच नको. नव्या कार्डांत बॅटरीच्या जागी वेगळी सोय असते. वीज गेली की कुणी तरी फळाच उचलून कपाटात ठेवून देतं, वीज आली की परत आणून टांगतं. आपल्याला तसलं हवं."

"कुणी सांगितलं तुला असं समजावून सांगायला?"

"तुम्हीच. दुसरं कोण?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा अकराला फोन. मी साडेदहालाच चहा करून खुर्ची टेलिफोनजवळ ओढली होती, हे मी कुणाला सांगितलं नाही.

त्या दिवशी घराण्याचा विषय निघाला. प्रत्येक कंपनीचं कार्ड डिस्कांवर आपल्या पद्धतीनं मांडणी करतं. दुसऱ्या कंपनीचं कार्ड घातलं तर त्याला ती मांडणी वाचता येत नाही. "नवे गुरुजी आले आणि हजेरीपट निघाला मोडीत लिहिलेला," तो म्हणाला. "ते म्हणणार, हा कागद रद्दी, नवा करा. की संपलं." म्हणून कार्ड त्याच कंपनीचं, पण नव्या पिढीतलं हवं, ते जुन्याची लिपी वाचतं.

तिसऱ्या की चौथ्या फोनला त्यानं कार्ड ठरवलंसुद्धा. "हे बसेल, बाबा. आपल्याच घराण्यातलं, दोन पिढ्या पुढचं. फळा कपाटात ठेवणारं. मोठ्या डिस्का ओळखतं. दिल्लीत नेहरू प्लेसला संगणकांचा बाजार आहे, तिथे भाटियाजी म्हणून एक म्हातारे आहेत, त्यांच्या दुकानात आहे. जाऊन बघून येतो."

"तुझं ऑफिस?"

"जाता येता बघतो ना."

मी नसीमाला सांगितलं. तिनं जुन्या विद्यार्थ्यांकडून पैशाची तजवीज करून ठेवलीच होती. "म्हणजे पोळ्याच्या आत होईल?" तिनं विचारलं.

"त्याच्या कितीतरी आधी."

पोळ्याचं कारण होतं. दर पोळ्याला अनुसयाबाई वानखेडे त्या खोलीत यायच्या. त्यांचा गजानन चौथीत माझ्याकडे होता. त्यानं टेपवर पोळ्याच्या बैलाची गोष्ट सांगितली होती. पुढच्याच वर्षी पैनगंगेच्या डोहात तो बुडाला. त्याचा फोटो घरात नव्हता. त्या काळी कोण काढत होतं? आवाज तेवढा आमच्याकडे होता. बाई गावातलं सगळं आवरून दुपारी यायच्या, चप्पल दाराबाहेर काढायच्या, ऐकायच्या आणि काही न बोलता जायच्या.

पण कार्ड आलं नाही. फोन येत राहिले.

"बाबा, त्या खाचेची लांबी मोजून सांगा बरं. कार्ड आत जाईल ना?"

मी पट्टी घेऊन मोजली. जात होतं.

"केबलचं तोंड कसं आहे? नव्या कार्डाचं तोंड वेगळं असतं. मधे जोडणारी वेगळी केबल लागेल."

केबल मिळाली.

"आता उंची. कार्डाला मागच्या बाजूला लोखंडी पट्टी असते, ती उंच पेटीला उंच लागते, बुटक्या पेटीला बुटकी. तुमची कोणती?"

नसीमा शेजारी बसून ऐकत होती. मी फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "गुरुजी, तुम्ही बापलेक कार्ड घेताय की स्थळ बघताय? घराणं झालं, उंची झाली. आता पत्रिका मागवा." बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. "चुकलं, गुरुजी. दादाचं आठवलं नाही मला."

"असू दे," मी म्हणालो. "त्याला ऐकवलं असतंस तर हसला असता."

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी ऐकवलं तर तो पुष्कळ हसला. हसता हसता त्याच्या मागे कुकरची शिट्टी झाली.

"ऑफिसात कुकर?"

"कँटीन आहे ना खाली," तो म्हणाला. "बरं, बाबा, मला सांगा, त्या खोलीत वारा कसा येतो? हे कार्ड फार तापतं."

खोलीतल्या वाऱ्यावर आम्ही तासभर बोललो. पूर्वेची खिडकी उघडी ठेवायची की नाही. मग त्या खिडकीबाहेरचा कडुनिंब अजून आहे का. मग त्या कडुनिंबावरून पडून वर्गातल्या बंडूचा हात मोडला होता तो कोणत्या वर्षी. मला एवढं बोलता येतं हे मलाच ठाऊक नव्हतं. भाटियाजींचंही कळत राहिलं. ते रोज चहा पाजतात, त्यांचा मुलगा कॅनडात, गिऱ्हाईक नसलं की प्रफुल्लला स्टुलावर बसवून फाळणीनंतर वडिलांनी दुकान कसं थाटलं ते सांगतात.

"रोज जातोस?"

"कार्ड बघायला जातो ना."

अकराच्या त्या फोनांमागे कधी कबुतरं घुमायची, कधी भंगारवाला ओरडत जायचा. मला वाटलं, मोठं शहर आहे, ऑफिसखालून जात असेल.

एका सकाळी मी खोली झाडत होतो तर दारात अनुसयाबाई. पोळा अजून दूर होता.

"बाजाराले आली होती, गुरुजी. म्हटलं डोकावून जावं. आज बंद हाय का हे?"

"बिघडलंय, बाई. बसा."

त्या उंबऱ्याच्या आत बसल्या. पेटीकडे बघत राहिल्या. "मंग आमच्या गज्याचं?"

मी आयुष्यभर मुलांना शिकवलं. कुणी प्रश्न विचारला की मला उत्तर टाळता येत नाही. कडुनिंबाखालून निंबोळ्या वेचून आणल्या आणि त्यांच्यासमोर ढीग मांडले.

"हे बघा. समजा पाच लेकरं आहेत. एकेकाजवळ काही निंबोळ्या. सहावं लेकरू निंबोळ्या ठेवत नाही, ते फक्त सगळ्यांची बेरीज ध्यानात ठेवतं. आता यातलं एक आज शाळेत आलं नाही." मी एक ढीग उचलून पदराआड ठेवायला त्यांच्याकडे दिला. "त्याच्याजवळ किती होत्या ते मी सांगू शकतो का?"

बाईंनी विचार केला. "बेरजेतून बाकीच्यांच्या काढल्या की तेवढ्याच."

"बरोबर. तशी या पेटीत एक डिस्क आज गैरहजर आहे. तरी सगळं जागेवर आहे. गजाननचा आवाजही."

"आन् अजून एक न्हाई आलं तर?"

मी आणखी एक ढीग उचलला. आता बेरजेनं भागत नव्हतं. त्यांनी पदराआडच्या निंबोळ्या माझ्या हातावर ठेवल्या.

"म्हंजे आता दुसरं कोनी जाऊ द्यायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "पोळ्याले येतो मी, गुरुजी."

त्या दिवशी मीच प्रफुल्लला फोन लावला. म्हटलं, आता पुरे. ठरलंय ते कार्ड घे आणि पाठव.

"कोणतं, बाबा?"

"कोणतं म्हणजे? तू सांगितलेलं. आपल्या घराण्यातलं."

"ते होय. मला वाटतं, तेही तितकंसं बरोबर नाही. आपण पुन्हा एकदा पहिल्यापासून बघू या का? म्हणजे बघा, मुळात बॅटरी हवी की..."

"प्रफुल्ल, हे झालंय आपलं. फळा, कपाट, सगळं झालं."

"हो, पण मी विचार करत होतो..."

"तूच म्हणालास बसेल म्हणून."

"म्हणालो होतो. पण एकदा खात्री केलेली बरी ना, बाबा. आज खाचेचं माप पुन्हा घ्याल का?"

माप मी दोनदा घेऊन दिलं होतं. काही तरी मला खटकलं, पण पोळा डोळ्यांपुढे होता आणि नसीमा समोर कमरेवर हात देऊन उभी होती.

"माप तेच आहे," मी म्हणालो. वर्गात गोंधळ झाला की माझा आवाज जसा व्हायचा तसा झाला असावा. "आज भाटियाजींकडे जा, कार्ड घे, कुरिअरनं पाठव. पोळ्याच्या आधी मला ते इथं हवंय."

"बरं," तो म्हणाला. लहानपणी म्हणायचा तसं. "पाठवतो."

कार्ड आलं. त्यानं ते इतकं जपून बांधलं होतं की नसीमाला कात्रीनं थर कापत बसावं लागलं. आत केबल, उंच पट्टी, बुटकी पट्टी, वेगवेगळ्या मापांचे स्क्रू आणि थंडाव्याला एक छोटा पंखाही होता. तो आम्ही मागितला नव्हता.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही ते बसवलं. नसीमाचा मोबाइल स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला होता. प्रफुल्ल एकेक पायरी सांगत होता, नसीमा करत होती, मी टॉर्चचा उजेड धरून उभा होतो. तिनं डिस्कांवर कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवून त्यांचा क्रम पक्का केला होता. जुनं कार्ड निघालं, नवं खाचेत कट् करून बसलं. कळ दाबली. पंखे घरघरले. पडद्यावर इंग्रजी ओळी धावल्या आणि थांबल्या.

"दादा, हे विचारतंय की बाहेरची मांडणी सापडली, ती आत घेऊ की पुसून टाकू."

पलीकडून काही येईना.

"दादा?"

"आहे. आहे मी. नसीमा, घाई करू नकोस. पडद्यावरची उजळ पट्टी कशावर आहे आत्ता? घेण्यावर की पुसण्यावर?"

"पुसण्यावर."

"खालचा बाण एकदा दाब. आता?"

"आता घेण्यावर."

"पुन्हा वाच. मोठ्यानं."

तिनं वाचलं. माझ्या हातातला उजेड भिंतीवर हलत होता.

"दाब," तो म्हणाला.

पडद्यावर एकाखाली एक नावं उमटू लागली. वर्ष, वर्ग, नाव. नसीमानं पाण्याची बाटली उचलली आणि सगळी पिऊन टाकली. "आली," ती फोनमध्ये म्हणाली. "दादा, सगळी आली. गैरहजर एकच, आधीचीच. आता नवी डिस्क घालते."

"घाल. हळूहळू ती भरत जाईल. तोवर चालू दे." मग तो म्हणाला, "बाबा, झालं तुमचं काम."

"झालं," मी म्हणालो. "शाब्बास."

"ठेवू?"

"ठेव."

पोळ्याच्या दुपारी अनुसयाबाई आल्या. पदराला शेंदराचा डाग होता, बैलांच्या शिंगांना लावतात तो. चप्पल बाहेर काढली, खाली बसल्या. मी गजाननचं नाव शोधून लावलं.

आधी टेपची खरखर, मग त्याचा आवाज, नाकातला. एक बैल होता. त्याला पोळ्याच्या दिवशी नवी झूल घातली. पुरणाची पोळी दिली. मग तो बैल मालकाला म्हणाला... मग तो बैल... आणि थांबला. "गुरुजी, पुढलं मी इसरलो."

मग माझा आवाज. तरुण आणि जरा कंटाळलेला. "असू दे. पहिल्यापासून सांग."

आणि गजानननं पुन्हा सुरू केलं. एक बैल होता.

"म्हनून बरं झालं थो इसरला," बाई डोळे पुसत म्हणाल्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्या ऐकून झाल्यावर काही बोलल्या होत्या. "दोन डाव ऐकू येतो."

त्या गेल्या. मी खोलीला कुलूप लावून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला चहा ठेवला. खुर्ची टेलिफोनजवळच होती. अकरा वाजून गेले, चहावर साय धरली. मग माझं मलाच आठवलं की आता फोन येण्याचं काही कारण नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही आला नाही. रविवारी आला.

"जेवलात, बाबा?"

"जेवलो. तू?"

"जेवलो. सर्व्हर?"

"चांगला चाललाय."

"ठेवू?"

त्यानं ठेवला. मी रिसीव्हर हातात धरून तसाच बसलो, आणि दर रविवारी न खटकणारी ती शांतता या वेळी घरभर पसरली. घड्याळ ऐकू येऊ लागलं. ते रोजच वाजत असणार.

आणि मग मला पाटी आठवली.

माझ्या वर्गात शेवटचा तास गणिताचा असायचा. एक गणित घालायचो. ज्याचं सुटेल त्यानं रांगेत उभं राहायचं, माझ्या टेबलाशी आला की मी पाटीवर बरोबरची खूण करायचो आणि तो घरी जायचा. प्रफुल्ल चौथीत माझ्याच वर्गात होता. त्या पावसाळ्यात त्याची आई गेली होती. शाळेत तो मला बाकीच्यांसारखं गुरुजीच म्हणायचा, आणि घरी गेलो की आम्ही दोघंही काही म्हणायचो नाही. गणितात हुशार. पहिला तोच यायचा, खूण घेऊन बाहेर पळायचा. थोड्या वेळानं बघावं तर रांगेच्या शेवटी पुन्हा उभा. टेबलाशी आला की पाटी पुढे करायचा. गणित तसंच्या तसं, उत्तर बरोबर. माझी खूण तेवढी नाही. तिथं थुंकी लावून बोटानं पुसल्याचा ओला डाग.

मी काही विचारलं नाही. पुन्हा खूण केली. तो बाहेर गेला आणि पुन्हा शेवटी येऊन उभा राहिला. असं ते दिवाळीपर्यंत रोज चाललं. रांग संपायची, आम्ही दोघंच उरायचो, मग मी वर्गाला कुलूप लावायचो आणि आम्ही घरी जायचो.

कार्ड त्यानं पहिल्या आठवड्यातच ठरवलं होतं. बाकीचे सगळे दिवस तो रांगेत उभा होता.

सर्व्हर बिघडला त्या वर्षीच्या उन्हाळ्यातच त्याची नोकरी गेली होती, हे त्यानं मला पोळ्यानंतरच्या दिवाळीत सांगितलं. सकाळी डबा भरून तो रोज घराबाहेर पडायचा, शेजाऱ्यांना कळू नये म्हणून. कुठे जायचं ते ठरलेलं नसलं की परत यायचा. भाटियाजींचं स्टूल आणि माझा फोन, एवढ्याच दोन जागा होत्या. पण त्या रविवारी मला यातलं काही माहीत नव्हतं. मला माहीत होती ती फक्त पाटी.

सोमवारी अकराच्या सुमाराला मी फोन लावला. दोनदा वाजला आणि त्यानं उचलला.

"बाबा? काय झालं? सर्व्हर बंद पडला का?"

"नाही. उत्तम चाललाय."

"मग बरं नाही का तुम्हाला?"

"मला काय धाड भरलीय? ते कार्डाचं विचारायचं होतं. मला पुन्हा एकदा सांगतोस का? पहिल्यापासून."

"बाबा," तो हळूच म्हणाला, "कार्ड बसलं ना. काम झालंय ते."

"झालंय," मी म्हणालो. "खूण पुसून आलोय."

पलीकडे कबुतरं घुमत होती. बराच वेळ तेवढंच ऐकू येत होतं. मी वाट बघितली. मुलाला उत्तर सापडायला लागतो तेवढा वेळ द्यायचा असतो, मध्ये बोलायचं नसतं.

मग फरशीवर खुर्ची ओढल्याचा आवाज आला. नाक ओढल्याचाही.

"बसलात का नीट?" तो म्हणाला. आवाज घोगरा झाला होता. "चहा घेतलाय ना जवळ? मग आधी मला सांगा, डिस्क म्हणजे काय, ते तरी माहीत आहे का?"

"नाही," मी म्हणालो.